शब्दचर्चा : ‘पाळी येते, पण अंगावर जात नाही’

खानापूरहून : आमच्याकडच्या बायका असं सर्रास म्हणतात. पाळी आली तर जात नाही म्हणजे काय? याला एकच शब्द नाही का?

बेळगाव, शहापूरहून : ताई, बायका बरोबर बोलतात. ‘पाळी’ म्हणजे आळीपाळीतली पाळी. ती वेळेवर आली की नाही एवढंच हा शब्द सांगतो. किती रक्त गेलं ते ‘जाणे’ सांगतं. नुसतं ‘अंगावर जातं’ म्हटलं तर जास्तच जातं असा अर्थ होतो, म्हणून कमी असेल तर ‘नुसता डाग लागतो’, ‘दीड दिवसात आटपतं’ म्हणतात. डॉक्टरांचा शब्द ‘हायपोमेनोरिया’. सुश्रुतसंहितेतला ‘आर्तवक्षय’ वेळेवर न दिसणं आणि कमी दिसणं, दोन्हीला लागतो. आपल्या बायकांची वाटणी त्याहून नेमकी आहे.

शेजारच्या कन्नडात ‘मुट्टु’ म्हणजे मूळ स्पर्श, जसा आपला ‘कावळा शिवणे’. ‘होरगे’ म्हणजे बाहेर, जशी आपली ‘बाहेरची’. शिवाशिव या सगळ्या शब्दांनी सांगितली, माप एकानेही नाही. माझ्या चुलतबहिणीला कन्नड डॉक्टरीणबाईंनी मुट्टु वेळेवर होतो का विचारलं, ती हो म्हणाली. एकच दिवस डाग लागला होता हे राहूनच गेलं. तिला दिवस गेले होते. म्हणून नेहमीपेक्षा फारच कमी गेलं तर गरोदरपणाची तपासणी आधी करावी. सोबत पोटात एका बाजूला दुखत असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

निपाणीहून : आमची आज्जी म्हणायची, कमी गेलं की घाण रक्त आत साठतं.

शहापूरहून : ही भीती मनातून काढाच, वहिनी. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटून रक्तासोबत बाहेर येतं. अस्तर पातळ असेल तर येणारच कमी. साठायला काही उरत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी हेच होतं. दोन ते सात दिवस पाळी आणि सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे रक्त, हे नेहमीचं. जिची कायम दोनच दिवसांची, तिला काळजी नको. एकाएकी कमी झाली तर दाखवावं : थायरॉइड, फार घटलेलं वजन, पिशवी साफ केल्यावर आत राहिलेला व्रण, कधी पिशवीचा क्षयही (टीबी) असतो. चाळिशीनंतर मात्र पाळी कायमची बंद व्हायच्या आधी असा फरक पडू शकतो.

खानापूरहून : मग कन्नड डॉक्टरांना काय सांगायचं?

शहापूरहून : ‘मुट्टु’च्या पुढे ‘कडिमे’, म्हणजे कमी, एवढं जोडा. आणि दिवस बोटांवर दाखवा.