पावसाळ्यात पांढरं पडलेलं वार्निश, वॉशचे डाग आणि अर्धवट राहिलेली पलटण

करडी_पलटण

नमस्कार मंडळी. वॉरगेमिंगच्या (टेबलावरच्या युद्धखेळांच्या) मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती किंवा 'मिनी', रंगवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. ठिकाण ठाणे, खाडीजवळ, म्हणजे सध्याच्या हवेची कल्पना येईलच. २८ मिमी मापाच्या प्लास्टिक सांगाड्यांची २० जणांची तुकडी कामात आहे. काळा स्प्रे प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर), त्यावर हाडाचा रंग, मग तपकिरी वॉश (खाचांत साचून सावली दाखवणारा पातळ रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग) आणि शेवटी मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, वार्निशचा स्प्रे, असा क्रम ठरवला आहे.

पहिल्या पाचांवर वार्निश मारलं तर थोड्याच वेळात सगळीकडे पांढरट थर धरला. बरगड्यांच्या मधल्या खाचांत तो जास्त आहे. उरलेल्यांपैकी ज्यांना वॉश लागलाय त्यांच्या ढालींवर कडेकडेने गडद वळी उमटली आहेत, मधला भाग मात्र कोरा. पाच वाचतील, की रंग उतरवून पुन्हा सुरुवात? ढालींचं काय करायचं? आणि वीसही एकदम हातात घेतल्याने काम रेंगाळलं आहे. एकाच थरात काम उरकणारे कॉन्ट्रास्ट रंग घेतले तर वेग येईल का?

ओली_पॅलेट

रंग उतरवायची घाई अजिबात करू नका. पाचही वाचतील.

आधी कारण. स्प्रेमधला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि सुकणाऱ्या थरात अडकतं. तोच पांढरेपणा. त्यात मॅट वार्निशमध्ये चकाकी घालवणारी बारीक पूड असते. डबा नीट हलवला नाही किंवा हात जड पडला की ती पूड खाचांत साचते. तुमच्या बरगड्यांत जास्त पांढरं दिसतंय त्यावरून दोन्ही कारणं एकत्र आली असावीत.

उपाय असा: एक दिवस तसंच सुकू द्या. मग पाण्यावर चालणारं ग्लॉस (चकाकणारं) वार्निश, स्प्रे नव्हे, ब्रशने लावायचं. मऊ ब्रश घ्या, थर पातळ ठेवा, खाचांत तळी साचू देऊ नका. ग्लॉस त्या खडबडीत थरात शिरून त्याला पुन्हा पारदर्शक करतं आणि खालचा रंग वर येतो. ते पूर्ण सुकलं की ब्रशनेच मॅट वार्निश. बाटली चांगली दोन मिनिटं हलवा, कारण पूड तळाशी बसलेली असते. इतकं करूनही एखाद्या खाचेत पांढरं उरलंच तर तिथे थोडासा तपकिरी वॉश सोडा. सांगाडा आहे, खपून जातं.

तेल चोळण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. त्याने पांढरेपणा दिसेनासा होतो हे खरं, पण तेलावर धूळ बसते आणि पुढचा कुठलाच थर धरत नाही. खेळताना सतत हाताळायच्या मिनीसाठी मी तो उपाय सुचवणार नाही.

आता पुढच्या पंधरांसाठी. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत स्प्रेचा डबा कपाटात ठेवलेला बरा. मारायचाच असेल तर साधं आर्द्रतामापक यंत्र विकत घ्या आणि आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी बेत रद्द. मुंबई-ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर तो ८०च्या वरच असतो. गच्चीत मारून मिनी लगेच एसीच्या खोलीत नेल्या तर धोका कमी होतो, जात नाही. अंतर २० ते ३० सेंमी. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, मिनीवर थांबायचं नाही. उन्हाळ्यात उलटा त्रास होतो: लांबून मारलं की रंग हवेतच सुकतो आणि मिनीवर वाळूसारखी खरखर बसते. ती खरखर वार्निशने जात नाही, ती घासूनच काढावी लागते.

पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर हाच सरळ मार्ग. तो पाणी घालून पातळ करू नका, पकड जाते. एक थर, मग २४ तास हात लावायचा नाही. कोरडा वाटला तरी आतून पक्का झालेला नसतो आणि नखाने सालपट निघतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर उत्तमच. प्रायमरसाठी ०.३ किंवा ०.४ मिमी नोझल आणि २० ते २५ पीएसआय दाब. फक्त कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली जोडलेली हवी, नाहीतर दमट हवेत मध्येच पाण्याची पिचकारी उडते.

नळीतला_रंग

वार्निशबद्दल वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. वॉशबद्दल लिहितो.

ढालीवर वळी का उमटतात? थेंबाची कड आधी सुकते, मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि आपल्यासोबत रंगद्रव्यही नेतं. म्हणून कड गडद, मध्य कोरा. खाचखळगे असलेल्या भागावर याचा फायदा होतो, सपाट ढालीवर तोटा. सपाट भागावर सरसकट वॉश टाकूच नये. ढालीच्या कडेची पट्टी, मधला उंचवटा, खिळे, एवढ्याच रेषेत टोकदार ब्रशने वॉश सोडायचा.

सगळीकडे लावायचाच असेल तर एक भाग वॉशला एक भाग मॅट मिडियम (रंगद्रव्य नसलेलं, रंगात मिसळायचं माध्यम) मिसळा. नुसतं पाणी घातलं की डाग वाढतात. पाणी रंग पातळ करतं पण त्याला धरून ठेवत नाही. मिडियममुळे रंगद्रव्य सारखं पसरलेलं राहतं. लावल्यावर अर्ध्या मिनिटात बघा. कुठे तळं साचलं असेल तर ओलसर (ओला नव्हे) स्वच्छ ब्रश टेकवला की तो जादा वॉश शोषून घेतो. त्यानंतर मात्र हात आवरायचा. अर्धवट सुकलेल्या वॉशला ब्रश लावला की कवच फाटतं आणि तो डाग कायमचा. दमट हवेत वॉश सुकायला तास-दीड तास सहज जातो, आणि वरून सुकलेला दिसला तरी खाचांत ओला असतो. त्यावर ड्रायब्रश फिरवला की चिखल होतो.

झालेले डाग काढायला ढालीचा मूळ रंग पातळ करून वरून दोन हात द्या. दोन थेंब रंग, एक थेंब पाणी. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले, हे सगळे सांगतात. त्याचं कारणही लक्षात ठेवण्यासारखं आहे: जाड थर आकसताना बारीक कोरीव काम भरून टाकतो आणि ब्रशच्या रेघा तशाच गोठतात. पहिला थर ठिगळांसारखा दिसेल. तो तसाच दिसायला हवा, घाबरून लगेच दुसरा थापू नका.

रंग सुकू न देणारी ओली पॅलेट घरीच करा: झाकण घट्ट बसणारा चपटा डबा, तळाला स्पंज किंवा किचन टॉवेलच्या घड्या, वर बेकिंगचा कागद. आपल्याकडे बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच मेणाचं असतं. त्यातून पाणी वर येत नाही आणि रंग नेहमीसारखाच सुकतो. कागद मांडून त्यावर थेंबभर रंग ठेवा, अर्ध्या तासाने तो तसाच ओला असेल तर कागद बरोबर. पावसाळ्यात डब्यात बुरशी धरते, म्हणून काम नसेल तेव्हा पाणी ओतून डबा उघडा ठेवा. आणि धातूचे रंग, चांदी-सोनेरी वगैरे, यात ठेवू नका. त्यातली चमकदार कपची सुटून पाण्यावर पसरते आणि पुढचा प्रत्येक रंग चकाकायला लागतो. धातूच्या रंगाला ब्रश धुवायचं पाणीसुद्धा वेगळं.

ब्रशबद्दल एकच. ००० नंबरचा घेऊ नका. त्याच्या टोकावरचा रंग मिनीपर्यंत पोचायच्या आत सुकतो. टोक चांगलं असलेला १ नंबर सगळं करतो, कारण त्याच्या पोटात रंग मावतो. सिंथेटिक ब्रशचं टोक काही दिवसांनी आकड्यासारखं वळतं. ते अटळ आहे. असे ब्रश फेकू नका, प्रायमर आणि ग्लॉससाठी वापरा.

ड्रायब्रश_पंथी

कॉन्ट्रास्ट रंगांचं. सिटाडेल या ब्रँडचे २०१९ साली आले, त्यानंतर इतरांनीही त्या धर्तीचे काढले. सांगाड्यांसाठी ते उत्तमच आहेत, कारण बरगड्या, कवटी, फाटके कपडे असं खाचखळग्यांचं पृष्ठ त्यांना मानवतं. पण तुमचा प्रायमर काळा आहे आणि हे रंग पारदर्शक असतात, काळ्यावर दिसणारच नाहीत. तेव्हा काळ्यावर आधी करड्याचा भरपूर ड्रायब्रश, मग वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश, आणि त्यावर कॉन्ट्रास्ट. सावली आणि उजेड दोन्ही तयार मिळतात. यासाठी महागडा ब्रश नको, मेकअपचा गोल मऊ ब्रश सर्वांत छान. रंग घेतल्यावर आधी जाडसर पुठ्ठ्यावर पुसा. कागदी रुमाल ओलावाही शोषतो, मग मिनीवर खडूसारखी पूड बसते.

तोटेही ऐका. चूक झाली की वरून तोच रंग देऊन झाकता येत नाही, खालचा ड्रायब्रश पुन्हा करावा लागतो. सपाट ढाल आणि अंगरख्यावर डाग पडतात, वॉशसारखेच. शिवाय अशा रंगांपैकी काही सुकल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतात. एका जुन्या तुकड्यावर लावून, दुसऱ्या दिवशी ओला ब्रश घासून बघा. रंग सुटत असेल तर पुढचं काम करण्याआधी मध्ये वार्निशचा थर हवा.

वेग मात्र रंगांनी येत नाही, क्रमाने येतो. वीस एकदम घेतले की एक रंग संपवायलाच सगळी संध्याकाळ जाते आणि काहीच पुरं झालेलं दिसत नाही. उत्साह नेमका तिथे मरतो. आधी एकच सांगाडा शेवटपर्यंत पुरा करा आणि प्रत्येक रंगाचं नाव, प्रमाण, क्रम वहीत लिहा. सहा महिन्यांनी आणखी दहा जोडायचे झाले तर हाडाचा रंग कुठला होता ते कुणालाच आठवत नाही. मग पाच-पाचच्या गटाने घ्या. मिनी जुन्या औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) चिकटवा, म्हणजे रंगाला बोट लागत नाही. एका बैठकीत एकच रंग, पाचांवर ओळीने. पाचवा होईपर्यंत पहिला सुकलेला असतो.

टेबलावर या मिनी हातभर अंतरावरून दिसतात. त्या अंतरावरून कवटी, हत्याराचं पातं आणि बेस (मिनी उभी असते ती चकती) एवढंच नजरेत भरतं. वेळ तिथे घाला. मांड्यांच्या आतल्या बाजूचं हायलाइट (उजेड दाखवणारी फिकी छटा) कुणी बघणार नाही. तुकडीतल्या म्होरक्याला मात्र वेगळी संध्याकाळ द्या. हातात धरून पाहिला जाणारा तोच असतो, आणि हा छंद टिकतो तो अशा एखाद्या मिनीच्या जोरावर.

बेस शेवटी नको, प्रायमरच्या आधी. फेव्हिकॉल पाण्याने थोडा सैल करा आणि वाळू चहाच्या जुन्या गाळणीने गाळून टाका. समुद्राची वाळू असेल तर दोन-तीन पाण्यांत धुवा, मीठ नंतर फुलून वर येतं. फेव्हिकॉल जाड लावला की आकसून भेगा पडतात. सर्वांत शेवटी बेसची कड एकाच काळ्या किंवा गडद तपकिरी रंगाने नीट ओढा. या दोन मिनिटांच्या कामाने अख्खी तुकडी पुरी झाल्यासारखी दिसते.

करडी_पलटण

सर्वांचे मनापासून आभार. एका सांगाड्यावर ग्लॉसचा प्रयोग केला, बरगड्यांतलं पांढरं गेलं! आता म्होरक्याबद्दल. तो थ्रीडी प्रिंट केलेला रेझिनचा आहे, हात आणि भाला वेगळे आहेत, आणि अंगावर लांब पांढरा झगा आहे. प्लास्टिकचा गोंद चालेल का? आणि पांढरा दरवेळी खडूसारखा का दिसतो?

ओली_पॅलेट

प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. सुपरग्लू घ्या, अगदी टिपकाभर. जास्त झाला की त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी साय येते, म्हणून जोडकाम रंगाच्या आधी आणि पंख्याखाली. भाल्याच्या जोडाला आत ०.५ मिमीची तार घाला, नाहीतर पहिल्याच खेळात तुटेल. प्रिंट हाताला चिकट लागत असेल तर रेझिन कच्चं आहे, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा यूव्हीखाली ठेवा. तोपर्यंत हातमोजे घाला. घासायचं झाल्यास ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावून. ती पूड छातीत जाऊ देऊ नका, याबाबतीत कंटाळा नको.

नळीतला_रंग

पांढऱ्याचं उत्तर: पांढऱ्याने सुरुवात करू नका. काळ्यावर थेट पांढरा झाकायला चार-पाच थर लागतात आणि तेवढ्यात खडू तयार होतो. आधी फिका करडा दोन थर. थंड छटा हवी असेल तर करड्यात कणभर निळा, जुनं सुती कापड हवं असेल तर कणभर गेरू. मग झग्याच्या घड्यांच्या वरच्या भागावर किंचित मळका पांढरा, आणि निव्वळ पांढरा फक्त घडीच्या कण्यावर, खांद्यावर, गुडघ्यावर. ऐतिहासिक फौजांतले पांढरे अंगरखे रंगवणाऱ्यांनाही हेच लागू. खालचा करडा दिसत राहिला तरच घड्या दिसतात.

पांढरा रंग बाटलीत लवकर घट्ट होतो. नेहमीपेक्षा थोडा जास्त पातळ करा, त्यात थेंबभर मॅट मिडियम घाला आणि थरांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. झग्यावर वॉश नको. घडीच्या खोलात पातळ निळसर करडा टोकाने ओढा. आणि हाताळताना पांढऱ्यावर बोटांचे डाग पडतात, तेव्हा म्होरक्याला आधी ग्लॉस, मग मॅट, दोन्ही ब्रशने.