मदत हवी आहे: ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'टेबल फॉर टू' कसं सुरू करायचं?

नमस्कार मंडळी. मी योकोहामात नोकरी करते. जपानमधल्या मराठी मंडळींकडून थोडं मार्गदर्शन हवं आहे.

माझ्या आधीच्या कंपनीत 'टेबल फॉर टू' या मदत उपक्रमाचं ताट मिळायचं. भाजलेला बांगडा, ब्राऊन राईस, पालक, मिसो सूप. साधारण ७०० कॅलरी. त्या ताटामागे २० येन बाजूला पडायचे आणि तेवढ्यात युगांडा, रवांडासारख्या देशांत एका मुलाचं शाळेतलं एक जेवण व्हायचं. एकीकडे जास्त खाऊन वाढलेलं वजन, दुसरीकडे उपाशीपोटी वर्गात बसलेलं पोर, दोन्हींवर एकच ताट! वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या तरुण नेत्यांच्या चर्चेतून हे निघालं आणि २००७ मध्ये जपानमध्ये सुरू झालं. मला तर हे फारच मनापासून पटलंय.

नव्या कंपनीत मात्र तीन महिने विचारतेय, "बघू" एवढंच उत्तर मिळतं. कॅन्टीनवाले म्हणतात, वरून सांगा. वरचे म्हणतात, कॅन्टीनवाल्यांना विचारा.

तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीत हे सुरू झालंय का? आधी कुणाला गाठलंत, एचआर, युनियन की थेट संचालक? २० येन जेवणाऱ्याने दिले की कंपनीनेही भर घातली? आणि वरिष्ठांपैकी कुणी स्वतः ते ताट घेऊन रांगेत उभं राहिलं, तर लोक घेतात का? मला वाटतं खरी गाडी तिथेच अडलीय.

जपानी भाषेतला प्रस्तावाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. पुढच्या महिन्यात विभागाची बैठक आहे, त्याआधी मिळाला तर फार मदत होईल.