‘डाइक’ म्हणजे बांध, खंदक की वप्र?

प्रश्न : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये हेंगिस्टबरी हेड नावाचं भूशिर आहे. लोहयुगात तिथे भरभराटीचं बंदर होतं. गॉलमधून (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधून) वाइनचे कुंभ, कच्ची काच, अंजिरंसुद्धा उतरत. जमिनीकडची चिंचोळी वाट मातीच्या दुहेरी तटबंदीने अडवलेली आहे. तिचं नाव ‘डबल डाइक्स’. मराठीत मी ‘दुहेरी बांध’ लिहिलंय, पण मन भरत नाही.

– बांध नकोच. बांध म्हटला की शेत आठवतं, नाहीतर अडवलेलं पाणी. सरळ ‘खंदक’ लिहा. विजयदुर्गालाही जमिनीच्या बाजूने खंदकच होता, आता बुजलाय.

– पण दादा, खंदक म्हणजे नुसता खड्डा झाला. तिथे आज डोळ्यांत भरतो तो उंचवटा.

– ताई, गोम मूळ शब्दातच आहे. जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दातून ‘डिच’ म्हणजे चर आणि ‘डाइक’ असे दोन्ही निघाले. त्याच कुळातला जर्मन ‘टाइख’ म्हणजे तळं, आणि डच ‘डाइक’ म्हणजे समुद्र थोपवणारा बांध! खड्डा आणि उंचवटा एकाच नावाखाली, कारण काम एकच : चर खणायचा, निघालेली माती आतल्या अंगाला रचायची. हल्ला करणाऱ्याला चराची खोली अधिक तटाची उंची, अशी सगळी चढण पडते.

आपल्याकडे मात्र दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते मला फार मोलाचे वाटतात. परिखा म्हणजे खंदक. त्यातल्या मातीचा तट तो वप्र. कौटिल्य सांगतो, परिखेपासून चार दंड (दंड हे लांबीचं जुनं माप) आत, सहा दंड उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद वप्र घालावा, हत्ती-बैलांकडून तुडवून घ्यावा, वर काटेरी झुडपं लावावीत. प्राकार म्हणजे भिंत, ती त्यानंतर वप्रावर चढते.

– वप्र अचूक आहे, पण ‘वप्रक्रीडे’पलीकडे (हत्तीचं खेळात मातीच्या उंचवट्याला धडका देणं) तो कुणाच्या कानावर असतो? नुसतं ‘तट’ म्हटलं तर दगडी चिरे दिसतात. ‘मातीचा तट’ म्हणा, गढी पाहिलेल्याला लगेच कळेल.

– पटलं. ‘खंदक आणि मातीचा तट, अशी दुहेरी रांग’ असं लिहिते. वप्र एकदा अर्थासह देईन. आता एकच अडलंय. या रांगांचं दक्षिण टोक समुद्र खातोय. तिथे तट ‘कोसळतोय’ की ‘ढासळतोय’?

– ढासळतोय. कोसळणं एका झटक्यात होतं.