होडीची ट्रोलिंग मोटर अर्ध्या तासात मंदावते: मोटर लहान पडते की दोष दुसरीकडे आहे?

प्रश्न (भिगवण परिसर, उजनी जलाशय)

नमस्कार. उजनीच्या फुगवट्यावर आमची सोळा फुटी फायबरची होडी आहे. पहाटे जाळी उचलणे आणि हिवाळ्यात रोहित पक्षी आले की पाहुण्यांना ते दाखवायला नेणे, अशी दोन्ही कामे तिच्यावरच होतात. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठतात, म्हणून गेल्या वर्षी १२ व्होल्टची, ५५ पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) एक वापरलेली ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी संथपणे ढकलणारी बॅटरीवरची मोटर, घेतली आणि ती होडीच्या मागच्या फळीवर बसवली. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, १५० अँपिअर-तासांची आहे. होडीचा तोल राहावा म्हणून ती पुढे ठेवली असून तेथून मोटरीपर्यंत सुमारे पाच मीटर, घरगुती वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढली आहे.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे होडी बरी चालते, मग वेग उतरतो आणि बॅटरीच्या चिमट्यांजवळची वायर हात लावता येणार नाही इतकी तापते. त्यातच महिनाभरापासून पाचपैकी पहिले चार वेग बंद पडले असून मोटर फक्त पाचव्यावर फिरते. ही मोटर विकून २४ व्होल्टची, ८० पाउंडांची घ्यावी, असा सल्ला मिळाला आहे. त्यासाठी दोन बॅटऱ्या लागतील आणि तो खर्च आमच्यासाठी मोठा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (मोटर वाइंडिंगचे काम करणारा, बारामती)

मोटर विकण्याची घाई करू नये. आपण दोन वेगळे दोष सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकाचाही संबंध मोटर लहान असण्याशी नाही.

आधी वायर पाहू. ५५ पाउंडांची मोटर पूर्ण वेगावर सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेते. तांब्याच्या ४ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे ४.३ मिलिओहम असतो. जाण्यायेण्याचे मिळून दहा मीटर धरले तर ४३ मिलिओहम होतात आणि ५० अँपिअरला त्यात दोन व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. म्हणजे बॅटरीवर बारा व्होल्ट असताना मोटरीला जेमतेम दहा मिळतात आणि उरलेली वीज वायर तापवते. घरात जी वायर गिझरला पुरते ती येथे पुरत नाही, कारण तेथे दाब २३० व्होल्ट असल्याने तितक्याच कामाला प्रवाह फार कमी लागतो. १६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हीच घट अर्ध्या व्होल्टवर येते. चिमटे काढून टाकावेत आणि वायरीच्या टोकांना तांब्याचे लग (भोकाची टोपणे) दाबून ते नटबोल्टने आवळावेत. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा, डीसीसाठी (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी) बनवलेला ब्रेकर बसवावा. घरातला साधा एमसीबी चालणार नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

आता वेगांविषयी. पाच ठरावीक वेगांच्या मोटरीत पहिले चार वेग रोधाच्या कॉइलमधून वीज देऊन मिळवलेले असतात आणि पाचवा वेग थेट बॅटरीवर चालतो. फक्त पाचवाच चालणे ही कॉइल जळाल्याची किंवा तिचा जोड तुटल्याची ठळक खूण आहे. अनेक मोटरींत ही कॉइल खालच्या नळकांड्यात असते आणि पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे मोटर पाण्याबाहेर चालवून पाहण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. स्विचचे काळवंडलेले संपर्क हे दुसरे कारण असू शकते. ते वरची टोपी उघडली की दिसतात.

उत्तर (मिनेसोटा, अमेरिका)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्या राज्यात तळ्यातळ्यावर या मोटरी दिसतात आणि मी बारा वर्षांपासून एक वापरत आहे, म्हणून निवडीविषयी थोडे लिहितो. भरलेल्या होडीच्या दर १०० पाउंडांना, म्हणजे सुमारे ४५ किलोंना, किमान २ पाउंड थ्रस्ट असावा असा येथे ढोबळ हिशेब आहे. आपली होडी माणसे, जाळी आणि बॅटरीसह ५०० किलो धरली तरी २२ पाउंड पुरतात. वाऱ्यासाठी दुप्पट धरले तरी आपण ५५ च्या आत आहात. शिवाय थ्रस्ट वाढला म्हणून वेग तितका वाढत नाही, कारण या मोटरींचे पंखे संथ गतीसाठीच घडवलेले असतात.

बॅटरीबाबत मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. आपले १५० अँपिअर-तास वीस तासांच्या दराने, म्हणजे साडेसात अँपिअरने मोजलेले असतात. ५० अँपिअर ओढल्यावर तीच बॅटरी नवी असतानाही दोन तासांच्या आसपास संपेल आणि तिचे आयुष्य जपण्यासाठी अर्ध्यावर थांबायचे तर हाती तासभरच उरतो. त्यात ५०-६० किलोंची आम्लाची पेटी डुलत्या होडीत असणे मला धोक्याचे वाटते. पुढे बदलायची झाल्यास १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोंची असते आणि ती शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच दाब देते. मात्र संपताना ती एकाएकी बंद पडते, म्हणून व्होल्टमीटरवर नजर ठेवावी लागते.

एक तपासणी आजच करावी. बॅटरीची जोडणी सोडून पंखा हाताने फिरवून पाहावा. चुंबकांमुळे किंचित अडखळणे स्वाभाविक आहे, पण घासल्यासारखे वाटले तर नट काढून पंख्याच्या मागे पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पंखा खरोखरच जड फिरत होता. नट आणि पिन काढून पंखा ओढला तेव्हा मागे जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) शाफ्टभोवती, म्हणजे पंख्याच्या दांड्याभोवती, इतका घट्ट गुंडाळलेला होता की त्याची कडक, काळपट चकतीच झाली होती आणि वर जलपर्णीची मुळे अडकली होती. ब्लेडने तो कापून काढल्यावर आत पाणी शिरू न देणाऱ्या सीलच्या ओठावर चीर दिसली. नळकांडे उघडले तर आत चमचाभर पाणी निघाले, कॉइलची तार एका टोकाला तुटलेली होती. कार्बन ब्रश मात्र शाबूत आहेत. शाफ्ट दाखवून बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाचे सील मिळाले.

१६ चौरस मिलिमीटरची वायर, लग आणि ब्रेकरही बसवला. पूर्वी पूर्ण वेगावर बॅटरीशी ११.९ आणि मोटरीशी ९.९ व्होल्ट मिळत होते, आता ११.८ आणि ११.३ मिळतात. काल चाळीस मिनिटे सलग चालवली, वायर कोमटसुद्धा झाली नाही. प्रश्न उरला तो कॉइलचा. पाचव्या वेगाने गेले तर पक्ष्यांजवळ पोहोचता येत नाही.

उत्तर (मोटर वाइंडिंगचे काम करणारा, बारामती)

तंगूस हेच मूळ असावे. पंखा अडला की मोटर जास्त प्रवाह ओढते, त्याची उष्णता वायर आणि कॉइल दोघांनाही सोसावी लागते आणि सील फाटून शिरलेले पाणी उरलेले काम करते. दर आठवड्याला पंखा काढून पाहण्याचा नेम ठेवावा.

कॉइल पुन्हा बसवण्याऐवजी ती वगळून किमान ६० अँपिअरचा पीडब्ल्यूएम नियंत्रक (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारे उपकरण) जोडावा, असे मी सुचवीन. कॉइल कमी वेगावर बरीच वीज उष्णतेत घालवते, हा नियंत्रक ती वाचवतो. आपल्यासारख्या संथ फेऱ्यांना त्याच बॅटरीवर बराच जास्त वेळ मिळेल. तो पाण्यापासून दूर, पण हवेशीर डब्यात ठेवावा.

एक कळकळीची विनंती. २०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटून सहा जण गेले, हे आपण सर्व जाणतोच. ही मोटर एक अश्वशक्तीचीही नाही. पाहुणे बसलेले असताना वल्ही होडीतच असू द्यावीत, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असावे आणि वारा उठण्याची चिन्हे दिसताच किनारा गाठावा.