घरगुती वेतातले लॅब्रडॉरचे पिल्लू चाळिसाव्या दिवशी आणावे का?

गुलबक्षी (पुणे):
नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई आहोत. वर्षभर विचार करून लॅब्रडॉर आणायचे ठरवले आहे आणि दुकानातून पिल्लू घ्यायचे नाही, यावर घरात एकमत आहे. ओळखीतून साताऱ्याजवळच्या एका कुटुंबाचा पत्ता मिळाला. त्यांच्याकडे चार वर्षांची पिवळी मादी आहे, तिचे हे दुसरे वेत आहे आणि सात पिल्ले आज सव्वीस दिवसांची आहेत. माणसे फोनवर मोकळेपणाने बोलली, परंतु तीन गोष्टी मनात खुपत आहेत. पिल्लू चाळिसाव्या दिवशी न्यावे, लहानपणी नेले की लळा लवकर लागतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पाच हजार रुपये आगाऊ पाठवावेत, असेही ते सांगतात. शिवाय केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे कागद हवे असतील तर किंमत वेगळी पडेल. रविवारी आम्ही प्रत्यक्ष जाणार आहोत. तिथे काय पाहावे आणि काय विचारावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

रानवारा (नाशिक):
गुलबक्षीताई, मी माझ्या गोल्डन रिट्रीव्हरची दोन वेते घरीच वाढवली, त्या अनुभवावरून लिहितो. चाळिसाव्या दिवशी पिल्लू आणू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मादी किमान अठरा महिन्यांची असावी, वर्षात एकच वेत व्हावे, आयुष्यात पाचाहून अधिक होऊ नयेत आणि ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, हेही त्याच नियमांत आहे. घरगुती ब्रीडर यांतून सुटत नाही, त्यामुळे नोंदणीचे संकोच न करता विचारा.

मात्र नियम बाजूला ठेवला तरी ते शेवटचे दोन-तीन आठवडे पिल्लासाठी फार मोलाचे असतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू जग टिपू लागते आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी झोंबताना दातांचा जोर आवरायला शिकते. एकाने जोरात चावा घेतला की दुसरे किंचाळून खेळ सोडून देते. आईही ओठ वर करून, फार तर हलकेच गुरगुरून दटावते. हा धडा अर्धवट राहिलेले पिल्लू तुमच्या मुलीच्या हाताला लागेल तेव्हा दोष त्याचा नसेल. लळ्याचे म्हणाल, तर साठ दिवसांचे पिल्लूही आठवड्याभरात तुमच्या पायापायांत येईल.

रविवारी पिल्लांकडे वळण्याआधी आईजवळ निदान अर्धा तास बसा. चार आठवड्यांची पिल्ले असलेल्या मादीचे आचळ भरलेले आणि लोंबते असतात, अंगही थोडे उतरलेले असते, म्हणून तिचे केस विरळ दिसले तर घाबरू नका. पाहायचा तो तिचा स्वभाव. अनोळखी माणूस आल्यावर ती आधी हुंगून, मग शेपटी हलवत जवळ आली आणि मालकाच्या शब्दावर पिल्लांपासून शांतपणे बाजूला झाली, तर निम्मे काम झाले. ती साखळीला बांधलेली असेल, किंवा ‘आज नको, ती चिडते’ असे सांगून दाखवलीच नाही, तर तसेच परत या.

मग पिल्ले कुठे वाढत आहेत ते पाहा. माझी पिल्ले स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत होती. पाचव्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली की सातही माना एकदम वर व्हायच्या आणि लगेच पुन्हा ताटलीत जायच्या. तुम्हीही तिथे स्टीलचे झाकण थोड्या अंतरावर जमिनीवर टाकून पाहा. दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यावर किती वेळात सावरून ते झाकणाकडे येते, हे महत्त्वाचे. मागच्या शेडमध्ये माणसांपासून दूर वाढलेले पिल्लू घरगुती वेतातले असले तरी घरात वाढलेले नसते.

आगाऊ रक्कम पाहिल्यानंतरच द्या आणि पावती घ्या. केसीआयच्या कागदांवरून वंशावळ कळते, प्रकृती कळत नाही. संपूर्ण वेताची नोंद ब्रीडरच करतो, म्हणून आई-वडिलांची प्रमाणपत्रे आधी पाहायला मागा. ती दाखवता येत नसतील तर ‘कागदांचे वेगळे पैसे’ कशाचे, हा प्रश्न उरतोच.

श्वानवैद्य (कोल्हापूर):
रानवारा यांच्याशी मी सहमत आहे. पशुवैद्य म्हणून एवढेच जोडतो की लॅब्रडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यातील दोष अनुवांशिक असू शकतो आणि तो पिल्लाकडे पाहून कळत नाही. आई-वडिलांचे दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले क्ष-किरण चित्र असले तर उत्तम. आपल्याकडे घरगुती ब्रीडरकडे ते क्वचितच सापडते. नसेल तर पहिल्या वेतातली पिल्ले ज्या घरांत गेली त्यांचे दूरध्वनी क्रमांक मागा. ती कुत्री चालतात कशी, जिना चढतात का, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतात का, हे विचारा. दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा विकार आणि जोराच्या पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडण्याचा विकार यांसाठी जनुकीय चाचण्या आहेत. पालकांपैकी एक जरी चाचणीत पूर्ण निर्दोष असला तरी त्या विकाराने ग्रस्त पिल्लू जन्माला येत नाही, म्हणून एकाचा अहवालही उपयोगी पडतो.

लसीच्या कार्डावर कुपीचे मूळ लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक हवा. ‘लस झाली आहे’ असे नुसते हाताने लिहिलेले असेल तर ती झाली नाही असेच धरा. जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिलेले असावे. पोट फुगलेले आणि फासळ्या दिसणाऱ्या पिल्लाच्या पोटात बहुधा जंत असतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून एका लसीवर भागत नाही. सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा द्यावी लागते. तोवर त्याला रस्त्यावर सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, शाळा सुटतानाची गर्दी आणि भाजीबाजार जरूर दाखवा. तुमच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र आधीच सतरंज्या अंथरा, वाढत्या सांध्यांना घसरणे चांगले नाही.

ओसरी (ठाणे):
आमचे दुःख सांगते, कारण ते इतर कुणाच्या वाट्याला येऊ नये. एका व्यक्तीने बत्तीस दिवसांचे पिल्लू महामार्गावरच्या हॉटेलच्या वाहनतळात आणून दिले. आईचा व्हिडिओ पाठवला होता. पाचव्या दिवशी पिल्लू खाईना, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो हा विषाणूचा आजार होता. चार दिवस सलाईन लावूनही ते वाचले नाही. नंतर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा त्यातल्या कुत्रीचे आचळ अगदी सपाट होते. ती त्या पिल्लाची आई नव्हतीच. हा विषाणू घरात अनेक महिने टिकतो, म्हणून सगळी फरशी ब्लीचच्या पाण्याने धुतली, आणि वर्षानंतर लसी पूर्ण झालेली मोठी कुत्री आणली. ताई, पिल्लू त्यांच्या घरातूनच उचला, वाटेत कुठेही नाही.

गुलबक्षी (पुणे):
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आलो. मादी दारातच भेटली. सासूबाईंचा हात हुंगून त्यांच्या पायाशीच बसली आणि आचळ तुम्ही लिहिले तसेच होते. पिल्ले पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत वाढत आहेत. झाकण टाकल्यावर एक पिल्लू पाण्याच्या भांड्यामागे दडले, ते थोड्या वेळाने बाहेर आले. बाकीची तोपर्यंत झाकण चाटत होती. क्ष-किरण चित्र कुणाचेच काढलेले नाही, हे त्यांनी सरळ मान्य केले. पहिल्या वेतातल्या तीन घरांचे क्रमांक दिले. तिन्ही कुत्री आता दोन वर्षांची आहेत आणि नीट पळतात; एकाला कानाचा त्रास वारंवार होतो. नियम त्यांना ठाऊकच नव्हता. नोंदणी अजून नाही, ती करू असे त्यांनी सांगितले, आणि ती झाल्याचा कागद पाहूनच आम्ही उरलेली रक्कम देणार आहोत. अठ्ठावन्नाव्या दिवसापर्यंत पिल्लू ठेवायला ते तयार झाले, वरच्या खाण्याचा खर्च आम्ही देऊ. केसीआयच्या कागदांचा आग्रह आम्ही सोडला.

डॉक्टरसाहेब, कानाच्या त्रासावरून हे वेत सोडून द्यावे का?

श्वानवैद्य (कोल्हापूर):
केवळ त्यावरून सोडू नका. लॅब्रडॉरचे कान लोंबते असतात आणि पोहणे त्याला आवडते, त्यामुळे आत ओल राहते. आंघोळीनंतर कान कोरडे करण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावा. पुढच्या भेटीत एखादे जुने, धुतलेले कापड पिल्लांच्या अंथरुणात ठेवून या. येताना तेच परत आणले की पहिल्या रात्री आईचा वास त्याच्याजवळ राहील.

गुलबक्षी (पुणे):
सासूबाईंनी आजच जुन्या लुगड्याचा तुकडा धुऊन वाळत घातला आहे.