मदत हवी आहे: बहीण डॅलसला, सोनोग्राफीत बाळात गंभीर दोष. भारतात आणावं की तिथेच दुसऱ्या राज्यात जावं?

रानजाई:
नमस्कार. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

धाकटी बहीण आणि तिचा नवरा टेक्ससमध्ये, डॅलसला असतात. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. या आठवड्यात तिची ॲनोमली स्कॅन झाली. गर्भजल जवळजवळ नाहीच आणि बाळाच्या दोन्ही किडन्या दिसत नाहीत. दुसऱ्या तज्ज्ञांनीही पुन्हा बघून तेच सांगितलं. गर्भजलाशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत, त्यामुळे बाळ जन्मलं तरी जगणार नाही, हे त्यांना नीट समजावलं. "मग आता पुढे काय?" असं तिने विचारल्यावर मात्र डॉक्टरीणबाई गप्प. शेवटी दार लावून घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला प्रवास करता येईल का?" कुठे, कशासाठी, अवाक्षर नाही.

आज २० आठवडे ४ दिवस. टेक्ससमध्ये अशा वेळीही गर्भपाताला सूट नाही हे खरं आहे का? मी नाशिकला असते. तिला इकडे आणलं तर २० आठवडे उलटून गेल्यावर चालेल, की कोर्टात जावं लागेल? तिची सही पुरेल का? नवऱ्याला लगेच रजा मिळणार नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

पाप-पुण्याची चर्चा कृपया या धाग्यावर नको. ती घरात करून झाली आहे.

काळाकोट:
ताई, भारतापुरतं सांगतो. २० आठवड्यांची मर्यादा १९७१च्या कायद्यातली. २०२१मध्ये दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४च्या दरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि स्त्री नियमांत दिलेल्या गटांपैकी एकात बसावी लागते. बलात्कार पीडिता, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, असे ते गट आहेत, आणि बाळात गंभीर व्यंग हाही त्यातलाच एक. म्हणजे तुमची बहीण थेट बसते. कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.

२४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मंडळाने तीन दिवसांत होकार किंवा नकार द्यायचा आणि होकार असेल तर अर्जापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायचा, असं नियम सांगतात. मंडळाने नकार दिला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवडे उलटून गेलेल्या बाईला मंडळाचा नकार बाजूला सारून परवानगी दिली होती. निर्णय तिचा, मंडळाचा नाही, असं म्हणत.

सही फक्त तिचीच. सज्ञान बाईसाठी नवऱ्याची संमती कायद्याने लागत नाही. तरी काही हॉस्पिटलं मागतात, ती सवय आहे, कायदा नव्हे. पासपोर्ट कुठला याचाही संबंध नाही, कायद्यात फक्त 'गर्भवती स्त्री' असं आहे.

डेन्व्हरकर:
टेक्ससचं खरं आहे, दुर्दैवाने. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा १९७३चा निकाल मोडीत काढला आणि हा प्रश्न एकेका राज्यावर सोपवला. टेक्ससने बंदीचा कायदा तयारच ठेवला होता, तो त्याच ऑगस्टपासून लागू आहे. सूट आईच्या जिवावर बेतलं किंवा शरीराला गंभीर इजा होणार असेल तरच. बाळातल्या व्यंगाला नाही, बलात्कारालाही नाही. शिक्षा डॉक्टरला, जन्मठेपेपर्यंत, वर किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना जातो. म्हणून त्या बाई गप्प बसल्या. प्रवासाचं विचारलं तेच त्यांनी धीर करून विचारलं असं समजा.

डॅलसच्याच भागातल्या केट कॉक्स यांची केस आठवतेय का? डिसेंबर २०२३. बाळाला ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा गंभीर दोष, आठवडे साधारण एवढेच. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं, पण निकाल येईपर्यंत त्या राज्याबाहेर गेल्या होत्या.

बाईला स्वतःला शिक्षा नाही आणि दुसऱ्या राज्यात जायला बंदी नाही. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोत कायद्याने आठवड्यांची मर्यादाच नाही, फक्त प्रत्येक क्लिनिक आपली मर्यादा ठरवतं. डॅलसहून न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला विमानाने दोन तासही लागत नाहीत. गाडीने मात्र दहा तास, या अवस्थेत नकोच. टेक्ससमधल्या लबक काउंटीसारख्या ठिकाणी अशा प्रवासाला मदत करणाऱ्यावर दावा लावता येईल असे ठराव झालेत, ते दावेही बाईवर नाहीत, पण विमानाने गेलात तर तो विषयच उरत नाही.

माझ्या मते भारताचा नाद सोडा. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे का ते आधी विचारा. संपला असेल तर परत येताना मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत ती नाशिकला अडकेल आणि नवरा इकडे एकटा.

पैशाचं: टेक्ससमधल्या बहुतेक विमा पॉलिसी याचा खर्च देत नाहीत. नॅशनल ॲबॉर्शन फेडरेशनची हेल्पलाइन आहे, क्लिनिक शोधायला आणि खर्चालाही मदत करतात.

स्त्रीरोगवाली_पुणे:
डेन्व्हरकरांशी सहमत, वैद्यकीय कारणांनीही. आज तिकीट काढलं तरी इथे येऊन, पुन्हा सोनोग्राफी, दोघांची मतं, कागदपत्रं, यात २२वा आठवडा सहज लागतो. काही खाजगी हॉस्पिटलं २१व्या आठवड्यातही उगाच 'कोर्टाची ऑर्डर आणा' म्हणतात. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: तिकडच्या तपासण्यांच्या रिपोर्टवर बाळाचं लिंग छापलेलं असतं. आपल्याकडे लिंगनिदानाच्या कायद्यामुळे तसा कागद हातात आला की डॉक्टर बिचकतात. पुण्यात ससून, मुंबईत जेजे, तिथे मंडळं आहेत, पण ती वेळ येऊ देऊ नका.

क्लिनिकला पद्धत विचारायला सांगा. एकात भूल देऊन गर्भ काढतात, दुसऱ्यात आधी ठोके थांबवायचं इंजेक्शन देऊन मग कळा आणतात. दुसरी प्रसूतीसारखीच असते, बाळ हातात घेता येतं. काहींना तेच हवं असतं, काहींना अजिबात नाही. तिलाच विचारा, तिच्या वतीने ठरवू नका.

गॉलवेचा_पाऊस:
मी आयर्लंडमध्ये. आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार इथेच गेली, ऑक्टोबर २०१२. १७ आठवडे, गर्भ वाचणार नाही हे कळलेलं, पण ठोके चालू म्हणून थांबवून ठेवलं आणि जंतुसंसर्गाने ती गेली. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्के मतांनी गर्भपातावरची बंदी उठली. आता १२ आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत. पुढे, बाळ जन्माआधी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत जाईल असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं तर परवानगी. म्हणजे तुमच्या बहिणीचं इथे झालं असतं. इंग्लंडमध्येही झालं असतं, तिथे गंभीर व्यंगाला २४ आठवड्यांची अट लागत नाही.

ताई, एवढंच सांगते: टेक्ससमध्ये असेपर्यंत ताप, थंडी वाजणं, पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. व्हिसाचा शिक्का संपलेलाच आहे, म्हणजे भारत बाद. अल्बुकर्कीला पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. नवऱ्याची रजा झाली, निदान तेवढी. डॉक्टर, एकच प्रश्न. पुढच्या वेळी पुन्हा असं होईल का, हे कळायला आत्ता काही करून ठेवायला हवं का?

स्त्रीरोगवाली_पुणे:
हो, आणि ते आधीच सांगावं लागतं. जनुकीय तपासणीसाठी नमुना ठेवायला क्लिनिकला आजच ईमेल करायला सांगा. दोघांच्या किडन्यांची साधी सोनोग्राफी करा, कधी आई किंवा वडिलांना जन्मापासून एकच किडनी असते आणि माहीत नसतं. गर्भाचं शवविच्छेदन हवं असेल तर पद्धत निवडण्याआधी बोला, कारण पहिल्या पद्धतीत ते नीट होत नाही. रिपोर्ट आले की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.