झोताच्या वाऱ्यात टेलव्हील विमान: थ्री-पॉइंट की व्हील लँडिंग?

रडरपेडल: वारा झोतांचा असेल तर थ्री-पॉइंटचा, म्हणजे तिन्ही चाकं एकदम टेकवण्याचा, हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शेपटीखाली छोटं चाक (टेलव्हील) असलेल्या या विमानांची मुख्य चाकं पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. नाक जरा वळलं की मागचं वजन त्या वळणाला आणखी रेटा देतं. वेळीच आवरलं नाही तर ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं: बाहेरचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. थ्री-पॉइंटमध्ये आपण स्टॉलच्या वेगाजवळ (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) टेकतो. तेव्हाच झोत आला तर विमान पुन्हा उचललं जातं, झोत ओसरला की आदळतं. व्हील लँडिंगमध्ये, म्हणजे शेपूट वर ठेवून जास्त वेगाने फक्त मुख्य चाकांवर टेकताना, समोरचं दिसतं आणि रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) लगेच ऐकतो.

मागचंचाक: सहमत नाही. तो वेग पुढे सोडावा लागतोच ना? शेपूट खाली येत असते तेव्हा रडरची ताकद आटत असते आणि टेलव्हील अजून टेकलेलं नसतं. त्या दोन-तीन सेकंदांत बाजूने झोत आला तर धरायला काही नाही. थ्री-पॉइंटमध्ये टेकलं की स्टिक (हातातला नियंत्रण दांडा) पोटाशी, टेलव्हील जमिनीवर दाबलेलं, दिशा ताब्यात. शिवाय 40 ऐवजी 50 नॉटने टेकलात तर ऊर्जा दीडपटीहून जास्त. गडबड झालीच तर मोडतोडही त्याच हिशेबात.

रडरपेडल: शेपूट आपोआप पडू दिली तर तुमचं खरं. रडरमध्ये जीव असतानाच ती ठरवून खाली आणायची आणि स्टिक मागे धरून दाबून ठेवायची. आणि वेगाचं म्हणाल तर वारा 12 नॉट, झोत 22 असेल तेव्हा फरकाचा निम्मा, म्हणजे 5 नॉट, अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) वाढवायचा सर्वमान्य ठोकताळा आहे. तेवढा जादा वेग घेऊन थ्री-पॉइंट करायला गेलात तर विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि झोतांना तेवढी जास्त संधी.

वाऱ्याकडेपंख: दोघंही टेकण्याच्या पद्धतीवर भांडताय. मला काळजी वाटते ती टेकल्यानंतरची. वारा डावीकडून आहे, डावा पंख खाली, डावं चाक आधी टेकलं, उजव्या रडरने नाक सरळ. इथवर बहुतेक जण नीट करतात. मग चाकं लागली की सुटकेचा निःश्वास टाकतात आणि स्टिक मध्यावर येते. खरं तर वेग उतरतो तसा एलेरॉनचा (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपांचा) परिणाम घटतो, म्हणून स्टिक आणखी डावीकडे, शेवटी पार टोकाला न्यायला हवी. आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय रडरच्या पेडलवर जिवंत पाहिजेत. आणखी एक, पूर्ण रडर देऊनही अप्रोचला नाक धावपट्टीच्या रेषेत राहत नसेल तर कुठलीच पद्धत कामाची नाही. थ्रॉटल पुढे करा, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून पुन्हा वर जा, आणि दुसरी धावपट्टी शोधा.

मागचंचाक: एलेरॉनचं शंभर टक्के मान्य. थ्रॉटलचं मात्र टेकण्याआधीपुरतंच. जमिनीवर नाक बरंच वळल्यावर पॉवर दिली तर विमान त्याच वळलेल्या दिशेने, धावपट्टीबाहेर धावतं. आणि माझं मत तेच: हलक्या विमानात, जेवढा कमी वेग तेवढं बरं.